एक्झिट कोड

प्रोग्रॅममधून चालवलेली सिस्टम कमांड संपताना जो लहानसा पूर्णांक मागे ठेवते, त्याला एक्झिट कोड म्हणतात. युनिक्सच्या परंपरेत ० म्हणजे काम फत्ते. १ ते २५५ म्हणजे वेगळे काही सांगायचे आहे. वाट पाहणाऱ्या प्रोग्रॅमपर्यंत यातले ८ बिटच पोहोचतात. त्यामुळे कोणी २५६ परत केला तर पलीकडे ० मिळतो आणि अपयशाची नोंद यश म्हणून होते.

कमांड तीन तऱ्हांनी फसते: ती सुरूच होत नाही, सुरू होऊन स्वतः अपयश कळवते किंवा सिग्नलमुळे (ऑपरेटिंग सिस्टिममार्फत चालू प्रोग्रॅमला मिळणाऱ्या क्रमांकित सूचनेमुळे) मध्येच मरते. या तीन तऱ्हा वेगळ्या ओळखणे हेच त्रुटी हाताळण्याचे मुख्य काम आहे, कारण प्रत्येकीवरचा उपाय निराळा. बॅशमध्ये, म्हणजे टाइप केलेल्या कमांड चालवणाऱ्या एका प्रचलित शेलमध्ये, कमांड सापडली नाही तर १२७ आणि सापडूनही चालवता आली नाही तर १२६ येतो. सिग्नलने मेलेल्या कमांडसाठी १२८ मध्ये सिग्नलचा क्रमांक मिळवतात. १३७ दिसला की ९ क्रमांकाचा सिगकिल, म्हणजे प्रोग्रॅमला सक्तीने मारणारा सिग्नल समजावा. लिनक्सवर मेमरी संपली की कर्नल, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा, हाच वापरतो.

भाषांच्या रीती मात्र वेगवेगळ्या. पर्लचे सिस्टम फंक्शन कमांड सुरू न झाल्यास -१ देते, एरवी मिळालेला आकडा ८ बिट उजवीकडे सरकवल्यावर खरा कोड हाती येतो. पायथॉनच्या सबप्रोसेस मॉड्यूलमध्ये सिग्नलने मेलेल्या कमांडचा कोड ऋण असतो, म्हणजे १३७ ऐवजी -९. तिथे रन फंक्शनला चेक हा पर्याय दिला नाही, तर कमांड अपयशी ठरूनही प्रोग्रॅम मुकाट पुढे जातो. तो पर्याय देण्याची सवय प्रत्येकाने लावून घ्यावी.

तरीही शून्येतर प्रत्येक आकडा बिघाडाचा नसतो. ग्रेपला शोधलेला मजकूर मिळाला नाही तर ती १ देते आणि खरी चूक झाली तर २. डिफही दोन फायलींत फरक असला की १ देते. म्हणून ज्या कमांडचा कोड तपासायचा, तिचे मॅन्युअल आधी वाचायला हवे.

सर्वांत घातक जागा पाइपलाइनची, म्हणजे एका कमांडचे आउटपुट थेट पुढच्या कमांडला देणाऱ्या साखळीची. डेटाबेसचा डंप (सगळ्या माहितीची प्रत) काढून तो जीझिप या फाइल आवळणाऱ्या कमांडकडे पाठवणारी बॅकअपची ओळ घ्या. पासवर्ड बदलल्यामुळे डंप पहिल्याच क्षणी फसला, तरी जीझिप मिळालेला रिकामा मजकूर इमानाने आवळते आणि ० देते. शेल शेवटच्या कमांडचाच कोड पुढे कळवते, त्यामुळे रोज रात्री ‘बॅकअप यशस्वी’ अशी नोंद होते आणि फाइल उघडायची वेळ येईपर्यंत कोणाला पत्ता लागत नाही. बॅशमधला पाइपफेल पर्याय यासाठीच आहे. तो आपणहून चालू नसतो. तो लावल्यावर पाइपलाइनमधल्या कोणत्याही कमांडचे अपयश कळते. मात्र पुढे हेडसारखी कमांड असेल आणि तिने हव्या तेवढ्या ओळी घेऊन पाइप बंद केला, तर मागची कमांड १३ क्रमांकाच्या सिगपाइपने मरून १४१ येऊ शकतो. तिथे तो बिघाड धरू नये.