मोहिमांचे बालगेम : वाहनचालन आणि उड्या

मोहिमांचे बालगेम हा व्हिडिओ गेमचा मुलांसाठी रचलेला एक प्रकार आहे. वाहन चालवणे आणि फळीवरून फळीवर उड्या मारत वाट काढणे ही दोन कौशल्ये त्यात एकत्र येतात आणि मोहीम त्यांना बांधून ठेवते. अडकलेल्याला सोडवणे, विखुरलेल्या वस्तू गोळा करणे, ठरलेल्या जागी वेळेत पोहोचणे अशी कामे खेळणाऱ्याला मिळतात. पात्रे बहुधा माणसासारखे बोलणारे-वागणारे प्राणी असतात.

दोन्ही कौशल्यांची घराणी वेगळी आहेत. उड्यांच्या गेमचा पाया निन्टेन्डो कंपनीच्या ‘डाँकी काँग’ (१९८१) या गेमने घातला. शिगेरू मियामोतो यांच्या या रचनेत गडगडत येणारी पिंपे चुकवत तिरप्या तुळयांवरून वर चढावे लागे. याच कंपनीने १९९२ मध्ये ‘सुपर मारिओ कार्ट’मध्ये उड्या मारणारी पात्रे छोट्या गाड्यांत बसवली, मात्र तेथे शर्यत हेच सर्वस्व होते. रेअर या ब्रिटिश कंपनीच्या ‘डिडी काँग रेसिंग’ने (१९९७) शर्यतीला मोहिमेचे वळण दिले. खेळणाऱ्याने बेटावर मोकळेपणी हिंडून शर्यतींची दारे शोधायची, सोनेरी फुगे जमवून ती उघडायची आणि वाटेत टाज नावाच्या हत्तीकडून मोटार, होव्हरक्राफ्ट (हवेच्या गादीवर तरंगत जाणारे वाहन) किंवा विमान यांपैकी हवे ते वाहन घ्यायचे, अशी त्याची रचना होती. त्याच रस्त्यावरील आठ चांदीची नाणी गोळा करूनही पहिले येण्याची अट पुढे घातली जाई, आणि ती मोठ्यांनाही घाम फोडणारी होती.

या प्रकाराचे पूर्ण रूप ‘क्रॅश टॅग टीम रेसिंग’मध्ये (२००५) दिसते. क्रॅश हा बँडिकूट, म्हणजे ऑस्ट्रेलियातील एक छोटा शिशुधान (पिल्लू पोटाच्या पिशवीत वाढवणारा) प्राणी, करमणूक उद्यानात पायी उड्या मारत स्फटिक शोधतो, इतरांची कामे करून देतो आणि मधूनमधून गाडीत बसून शर्यतीत उतरतो. शर्यतीत दोन गाड्या एकमेकींत मिसळून एकच वाहन बनते. मग एकाने ते हाकायचे आणि दुसऱ्याने तोफ चालवायची. कल्पना भन्नाट असली, तरी उद्यानातील पायी भटकंती आणि शर्यत यांचा सांधा काहीसा ढिलाच राहतो, कारण गाडीतून जे करायचे ते पायी करायच्या कामाला क्वचितच पूरक ठरते.

लहान मुलांच्या गेममध्ये हा सांधा अधिक घट्ट असतो. बचावकार्य करणाऱ्या कुत्र्यांच्या ‘पॉ पेट्रोल’ या कॅनेडियन बालमालिकेवरील ‘पॉ पेट्रोल वर्ल्ड’ (२०२३) हे त्याचे चांगले उदाहरण आहे. त्यातील प्रत्येक कुत्र्याचे वाहन त्याच्या कामाशी जुळते : मार्शलचा अग्निशामक बंब, रबलचे खोदकामाचे यंत्र, झुमाचे होव्हरक्राफ्ट, स्कायचे हेलिकॉप्टर. मोहीम समोर येताच कोणाला पाठवायचे हे मुलाला वाचल्याशिवाय कळते. प्राणी गोंडस दिसतात म्हणून घेतले जातात हे स्पष्टीकरण त्यामुळे अपुरे वाटते. त्यांच्या वेगळ्या शरीरांमुळे आणि पोशाखांमुळे प्रत्येकाचे काम एका नजरेत ओळखता येते.

रचनेच्या दृष्टीने दोन कौशल्यांचा स्वभाव परस्परविरोधी आहे. गाडी भिंतीला घासली तर वेग कमी होतो, एवढेच. उडी चुकली तर पात्र थेट खाली कोसळते. म्हणून पात्राचे पाय कडेवरून सुटल्यानंतरही सेकंदाच्या दहाव्या भागाएवढा अवधी बटण स्वीकारले जाईल, अशी सवलत अनेक गेममध्ये गुपचूप दिलेली असते. मुलाला आपण वेळेवर उडी मारली असेच वाटते. गाडीसाठीही अशी मदत असते : ‘मारिओ कार्ट ८ डिलक्स’मध्ये (२०१७) सुकाणू आपोआप सावरण्याची सोय आहे. कॅमेऱ्याचा प्रश्न याहून अवघड आहे. गाडीला दूरवरचा रस्ता दिसावा लागतो, तर उडी मारताना पायाखालची सावली. वाहनातून उतरताच दृश्य फार झटकन बदलले, तर लहान मूल दिशा हरवून बसते.

गोव्यात फोंडा, डिचोली, पेडणे, सत्तरी या भागांतील अनेक मुले घरी कोंकणी बोलतात आणि मराठी प्राथमिक शाळेत शिकतात, तर या गेममधील सूचना सहसा इंग्रजीत असतात. बाण, चित्रे आणि चमकणाऱ्या खुणा यांवर चालणारी मोहीम अशा मुलांना जवळची वाटणे साहजिक आहे. संवादांवर विसंबलेले गेम मात्र मोठ्या भावंडाच्या मदतीवाचून अडतात. गणेश चवथीला मूळ घरी चुलत-आते भावंडे जमली आणि गेमयंत्र एकच असले, की पाळ्या लावाव्या लागतात. पडदा दुभागून दोघांना एकत्र खेळू देणारा गेम अशा वेळी सोयीचा असतो. एकेकट्याने खेळायचा असेल तर मोहीम हेच पाळीचे माप होते : ‘ही मिशन संपली की तुझी पाळी’ हा करार मुलांना घड्याळापेक्षा लवकर पटतो, जरी मोहीम लांबवण्याची युक्तीही ती तितक्याच लवकर शिकतात. पावसाळ्यात वीज वारंवार जाते. त्यामुळे प्रगती कोठे साठवली जाते, हा येथे खरेदीपूर्वी पाहण्याजोगा मुद्दा आहे. प्लेस्टेशन २ या जुन्या गेमयंत्रावर त्यासाठी वेगळे मेमरी कार्ड लागे, आणि ते नसल्यास प्रत्येक वेळी पहिल्या मोहिमेपासून सुरुवात करावी लागे. अलीकडच्या यंत्रांत साठवणीची जागा आतच असते आणि बरेच गेम प्रत्येक मोहिमेनंतर आपोआप नोंद ठेवतात. तरीही अर्धवट मोहिमेत वीज गेली, तर तेवढी मोहीम सहसा पुन्हा खेळावी लागते.