शंभर पौंडांची टेप आणि त्यानंतर : बर्ट जॅन्श यांच्या ध्वनिमुद्रणांची पार्श्वभूमी

स्कॉटिश लोकसंगीताचे गिटारवादक व गायक बर्ट जॅन्श यांचा जन्म ३ नोव्हेंबर १९४३ रोजी ग्लासगो येथे झाला आणि बालपण एडिनबरोमध्ये गेले. शाळा सुटल्यावर काही काळ त्यांनी रोपवाटिकेत माळीकाम केले. परंतु १९६०च्या सुमारास शहरातील ‘द हाऊफ’ या लोकसंगीताच्या क्लबमध्ये जाऊ लागल्यावर गिटारखेरीज दुसऱ्या कशात त्यांचे मन रमले नाही. तेथे त्यांना जिल डॉयल आणि आर्ची फिशर यांच्याकडून शिकायला मिळाले. जिल या लंडनचे गिटारवादक डेव्ही ग्रॅहम यांच्या सावत्र बहीण. ग्रॅहम यांची ‘अँजी’ ही रचना त्या काळी प्रत्येक होतकरू वादकाची परीक्षा मानली जाई आणि जॅन्श यांच्या पहिल्याच ध्वनिमुद्रिकेत ती आढळते.

त्यांच्या वादनाचे सर्वांत जुने उपलब्ध पुरावे मात्र कोणत्याही कंपनीने केलेले नाहीत. १९६२ ते १९६४ या काळात ग्लासगोतील क्लबांमध्ये एका रसिकाने टेप लावून ठेवली होती, आणि ती ध्वनिमुद्रणे १९९०च्या दशकाच्या अखेरीस बाजारात आली. विशीही न ओलांडलेल्या या वादकाची शैली तेव्हाच बहुतांशी ठरून गेल्याचे त्यांवरून कळते. अंगठा मंद्र तारांवर ठेका धरतो, उरलेली बोटे वरच्या तारांवर वेगळी चाल काढतात, आणि मधूनच एखादी तार इतक्या जोराने ओढली जाते की ती लाकडावर आपटल्याचा आवाज येतो. गाणाऱ्याला मागून साथ देणे एवढेच गिटारचे काम या शैलीत उरत नाही. ती गळ्याच्या बरोबरीने, कधी त्याच्या विरोधातही चालते.

‘बर्ट जॅन्श’ ही पहिली ध्वनिमुद्रिका एप्रिल १९६५ मध्ये ट्रान्सअटलांटिक कंपनीने प्रसिद्ध केली. तिचे मुद्रण ध्वनिमुद्रक बिल लीडर यांनी लंडनच्या कॅम्डेन भागातील आपल्या राहत्या घरी साध्या टेपयंत्रावर केले होते. जॅन्श यांच्याकडे तेव्हा स्वतःची गिटारही नव्हती, वाजवली ती उसनी आणलेली. ही टेप ट्रान्सअटलांटिकचे नॅट जोसेफ यांना १०० पौंडांत विकली गेल्याचे सर्वत्र नोंदले गेले आहे. हेरॉइनमुळे दगावलेल्या एका मित्रावर लिहिलेले ‘नीडल ऑफ डेथ’ हे गीत याच संचातले. कॅनेडियन गायक-गीतकार नील यंग यांच्या ‘अँब्युलन्स ब्लूज’ या गाण्याच्या चालीत त्याची छाया दिसते, आणि हे ऋण यंग यांनी स्वतः मान्य केले आहे.

त्याच वर्षी ‘इट डोन्ट बॉदर मी’ आणि १९६६ मध्ये ‘जॅक ओरायन’ ही ध्वनिमुद्रिका आली. पहिल्या दोन संचांत बहुतेक रचना स्वतःच्या होत्या, तर ‘जॅक ओरायन’मध्ये जॅन्श जवळजवळ पूर्णपणे पारंपरिक गीतांकडे वळले. या वळणामागे गायिका अ‍ॅन ब्रिग्ज यांचा मोठा वाटा होता. कसल्याही साथीविना गायली जाणारी जुनी गीते त्या दोघांनी एकत्र बसून गिटारवर कशी बसवता येतील हे तपासले आणि त्यातून ‘ब्लॅकवॉटरसाइड’ची मांडणी तयार झाली. तीच मांडणी थोड्या फरकाने १९६९ मध्ये लेड झेपलिन या रॉक गटाच्या पहिल्या ध्वनिमुद्रिकेत ‘ब्लॅक माउंटन साइड’ या नावाने, रचनाकार म्हणून केवळ त्या गटाचे गिटारवादक जिमी पेज यांचे नाव लावून प्रसिद्ध झाली. तिला विराम जसानी यांच्या तबल्याची साथ होती. ट्रान्सअटलांटिकने कायदेशीर सल्ला घेतला, पण प्रकरण पुढे गेले नाही. मूळ चाल पारंपरिक, म्हणजे कोणाच्याच मालकीची नाही, आणि गिटारच्या मांडणीवर हक्क सिद्ध करणे अवघड, अशी ती अडचण होती. कायदा काहीही म्हणो, दोन्ही मुद्रणे लागोपाठ ऐकणाऱ्याला उगम कोठे आहे याबद्दल शंका उरत नाही.

१९६६ मध्येच गिटारवादक जॉन रेनबोर्न यांच्यासह ‘बर्ट अँड जॉन’ हा जुगलबंदीचा संच निघाला. पुढच्या वर्षी आलेल्या ‘निकोला’मध्ये काही गीतांना वाद्यवृंदाची जोड देण्यात आली. हा प्रयोग फसला असेच म्हणावे लागते, कारण वाद्यवृंद एका ठरावीक लयीत बांधलेला असतो आणि जॅन्श गाताना मात्रा हव्या तशा लांबवत वा आखडत.

त्याच वर्षी जॅन्श, रेनबोर्न, गायिका जॅकी मॅक्शी, डबल बेसवादक डॅनी थॉम्पसन आणि तालवादक टेरी कॉक्स यांचा ‘पेंटँगल’ हा गट उभा राहिला. १९६८ मध्ये त्यांचे दोन संच निघाले. त्यांतील ‘स्वीट चाइल्ड’चा अर्धा भाग लंडनच्या रॉयल फेस्टिव्हल हॉलमधील मैफलीचा आहे. १९६९चा ‘बास्केट ऑफ लाइट’ ब्रिटिश विक्रीच्या यादीत पाचव्या क्रमांकापर्यंत पोहोचला. त्यातील ‘लाइट फ्लाइट’ हे बीबीसीच्या एका मालिकेचे शीर्षकगीत असल्यामुळे घराघरांत गेले होते. त्यानंतरच्या ‘क्रुएल सिस्टर’साठी गटाने बिल लीडर यांना बोलावले आणि एक संपूर्ण बाजू ‘जॅक ओरायन’ या गीताच्या अठरा मिनिटांच्या आवृत्तीला दिली. या संचाची विक्री आधीच्या संचाच्या जवळपासही गेली नाही. मानधनावरून ट्रान्सअटलांटिकशी वाद झाले, १९७२ चा ‘सॉलोमन्स सील’ रिप्राइज कंपनीकडून निघाला आणि १९७३ च्या आरंभी गट फुटला.

या धामधुमीतच १९७१ मध्ये आलेला ‘रोझमेरी लेन’ माझ्या मते त्यांच्या एकट्याच्या संचांत सर्वांत निर्दोष आहे. लीडर आपले टेपयंत्र घेऊन ससेक्समधील जॅन्श यांच्या घरी जात आणि सवडीने मुद्रण चाले. गिटार आणि आवाज यांखेरीज त्यात काही नाही. जॅन्श यांच्या बाबतीत मुद्रणाचा सरंजाम जितका कमी तितके वादन स्पष्ट ऐकू येते, हे येथे पुन्हा दिसते. अर्थात हा नियम सरसकट लागू होत नाही. कॅरिझ्मा कंपनीसाठी मायकल नेस्मिथ यांनी निर्मिती केलेल्या ‘एल. ए. टर्नअराउंड’मध्ये (१९७४) रेड ऱ्होड्स यांची पेडल स्टील गिटार (आडवी ठेवून, पायपट्ट्यांनी स्वर बदलत वाजवली जाणारी) आहे, तरीही ती कोठेही वरचढ होत नाही. पुढच्याच वर्षीच्या ‘सँटा बार्बरा हनीमून’बद्दल मात्र असे म्हणता येत नाही.

१९७०च्या दशकाच्या अखेरीस ब्रिटनमध्ये लोकसंगीताची मागणी घटली, तेव्हा आधार मिळाला तो डेन्मार्कमधून. ‘अ‍ॅव्होसेट’ हा पूर्णतः वाद्यसंगीताचा संच आधी तेथे निघाला आणि १९७९ मध्ये ब्रिटनमध्ये पोहोचला. त्यातील सहाही रचनांना पक्ष्यांची नावे असून शीर्षक रचना एक संपूर्ण बाजू व्यापते. मार्टिन जेन्किन्स यांचे मँडोचेलो (मँडोलिनच्या कुळातील मोठे, खालच्या स्वरांचे वाद्य) व व्हायोलिन आणि थॉम्पसन यांचा बेस यांच्यासह गिटार इतकी मोकळी क्वचितच वाजली असेल.

१९८०चे दशक कठीण गेले. दारूचे व्यसन वाढले, संच छोट्या कंपन्यांकडून मोजक्या प्रतींत निघत राहिले आणि १९८७ मध्ये स्वादुपिंडाच्या गंभीर आजारानंतर दारू सोडावी लागली. १९९०च्या दशकात लंडनच्या डेन्मार्क स्ट्रीटवरील ‘ट्वेल्व्ह बार’ या चिमुकल्या क्लबातील नियमित मैफलींमुळे नव्या पिढीचे श्रोते मिळाले. त्या पिढीतील जॉनी मार आणि बर्नार्ड बटलर हे वादक २००० च्या ‘क्रिम्झन मून’मध्ये त्यांच्यासोबत आहेत. २००१ मध्ये बीबीसी रेडिओ २ च्या लोकसंगीत पुरस्कारांत त्यांना जीवनगौरव देण्यात आला. ‘द ब्लॅक स्वान’ (२००६) हा स्टुडिओत केलेला शेवटचा संच. नंतर पेंटँगलचे मूळ पाचही जण पुन्हा व्यासपीठावर एकत्र आले, आणि २०१० व २०११ मध्ये जॅन्श यांनी नील यंग यांच्या दौऱ्यांत त्यांच्याआधी वादन केले. ५ ऑक्टोबर २०११ रोजी फुप्फुसाच्या कर्करोगाने त्यांचे लंडनमध्ये निधन झाले. अनेक कंपन्यांकडे विखुरलेले त्यांचे जुने संच त्यानंतर एकेक करून पुन्हा प्रकाशित झाले असून, ‘अ‍ॅव्होसेट’सारखी एरवी केवळ संग्राहकांकडे सापडणारी ध्वनिमुद्रिकाही त्यामुळे आता सहज मिळते.