स्वस्त बोल्ट-अॅक्शन रायफलचा नेम लागत नाही?

कोल्हापुरात नेमबाजी शिकणाऱ्या मुलांच्या पालकांच्या ग्रुपवर हा मेसेज वर्षानुवर्षे फिरतोय: 'स्वस्त बोल्ट-अॅक्शन रायफल फक्त हरणाच्या शिकारीपुरती, अचूकतेसाठी महागडीच हवी.' (आपल्याकडे 1972 च्या कायद्याने शिकारीला बंदी आहे, ही तुलना परदेशातून आली.)

बोल्ट-अॅक्शन म्हणजे प्रत्येक गोळीनंतर हाताने बोल्ट ओढून पुढचं काडतूस भरायची रायफल. तिची अचूकता ठरते नळी, चेंबर (नळीच्या मागच्या टोकाची काडतूस बसायची जागा) आणि काडतूस यांवर. आज नळ्या यंत्रावर बऱ्याच एकसारख्या बनतात, त्यामुळे स्वस्त रायफलही 100 मीटरवर तीनेक सेंटिमीटरचा ग्रुप (एकाच नेमावर मारलेल्या गोळ्यांच्या छिद्रांचा पुंजका) देऊ शकते. जादा पैसे बरेचदा दस्ता (नळी ज्यात बसवतात तो खांद्याला टेकवायचा भाग), फिनिशिंग, ट्रिगर यांत जातात. चांगल्या ट्रिगरचा फायदा होतो, हे मात्र खरं.

तपासायचं तर रेंजवर, प्रशिक्षकासमोर. रायफल वाळूच्या पिशवीवर टेकवा, एकाच लॉटची काडतुसं घ्या, पाच-पाच गोळ्यांचे निदान तीन ग्रुप मारा, मध्ये नळी थंड होऊ द्या. तीन गोळ्यांचा ग्रुप नशिबानेही लहान येतो. सर्वांत लांबच्या दोन छिद्रांच्या बाहेरच्या कडांमधलं अंतर मोजा, त्यातून गोळीचा व्यास वजा करा; .22 (इंचांतला गोळीचा व्यास) रायफलसाठी साधारण 5.6 मिमी.

ग्रुप पसरला तर रायफलला नावं ठेवण्याआधी दस्त्याचे आणि दुर्बिणीच्या माउंटचे स्क्रू बघा. बरेचदा दोष तिथेच सापडतो. मग रायफल रिकामी असल्याची खात्री करून नळी आणि दस्ता यांमधून कागदाची पट्टी सरकवा. नळी मोकळी असायला हवी तिथे पट्टी अडकली, तर दस्ता नळीला टेकतोय. अशा वेळी नळी तापली की नेम सरकतो. शेवटी काडतुसाचा ब्रँड बदलून बघा.