पार्श्वभूमी : हातमागाचे आरक्षण कोणाच्या पदरात पडले?

मुंबईच्या बाजारात हातमागाची म्हणून विकली जाणारी साडी खरोखर हातमागाचीच का, या वादाचे मूळ गिरण्यांच्या आगमनापेक्षा स्वातंत्र्यानंतरच्या धोरणात अधिक आहे. ताडदेवला १८५६ मध्ये गिरणी सुरू झाली, तरी मदनपुऱ्यात मोमीन विणकरांचे माग पुढे बराच काळ चालू होते.

१९५० मध्ये केंद्राने काही प्रकारचे कापड हातमागासाठी राखले. बंधन होते गिरण्यांवर. त्यांनी सोडलेली जागा हातमागापेक्षा यंत्रमागानेच जास्त बळकावली. म्हणून १९८५ मध्ये स्वतंत्र कायदा झाला आणि २२ प्रकारच्या कापडांना गिरण्यांपासून व यंत्रमागांपासून संरक्षण मिळाले. त्याला लगेच न्यायालयात आव्हान दिले गेले आणि अंमलबजावणी रखडली. १९९३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कायदा वैध ठरवला. विणकर निकाल जिंकले, पण १९९६ मध्ये यादीच २२ वरून ११ वर आणली गेली.

यंत्रमागवाल्यांची बाजू खोटी नव्हती. भिवंडी, मालेगाव, इचलकरंजीतली असंख्य घरे त्याच मागांवर चालतात आणि गिऱ्हाइकाला स्वस्त साडी हवी असते. मात्र वर्षानुवर्षांच्या या ओढाताणीत नक्कल बाजारात स्थिरावली, हे नाकारता येणार नाही. १९८५ च्या कायद्याने सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा मागामागे ५,००० रुपयांपर्यंत दंड ठेवला होता. पण कापड मागावरून उतरून दुकानात आले की ते कशावर विणले हे सिद्ध करणे अवघड. दादरच्या दुकानात पैठणीचा पदर उलटा करून पाहावा. हातमागावर मोराचा एकेक रंग वेगळ्या कांडीने गुंफलेला असतो, त्यामुळे नक्षी दोन्ही अंगांनी सारखी दिसते. यंत्राच्या नकलेत मागे सुटे किंवा कापलेले धागे असतात.

बाराव्या पंचवार्षिक योजनेच्या काळात (२०१२-१७) तर हातमागाची व्याख्याच सैल करण्याची सूचना आली : विणण्यातली एखादी क्रिया हाताने झाली तरी तो हातमाग. विणकरांच्या विरोधामुळे ती मागे पडली.

१९९५-९६ च्या गणनेत हातमाग कामगार ६५ लाखांवर होते, २०१९-२० च्या गणनेत ३५.२२ लाख उरले. त्यांत सुमारे ७२ टक्के स्त्रिया. हातमागाच्या ज्या राष्ट्रीय सल्लागार मंडळावर विणकरांचे प्रतिनिधी बसत, तेही जुलै २०२० मध्ये बरखास्त झाले.