तंत्रस्नेही शिक्षक घडवणे (नाशिक जिल्हा)

संगणक, मोबाइल, प्रोजेक्टर, इंटरनेट ही साधने आणि चिकित्सक विचार, सहकार्य, संवाद, सर्जनशीलता ही कौशल्ये रोजच्या अध्यापनात उतरावीत म्हणून शिक्षकाला दिले जाणारे प्रशिक्षण व त्यानंतरची सोबत. महाराष्ट्रात ‘तंत्रस्नेही शिक्षक’ हा शब्द शासकीय पत्रकांपासून शिक्षकांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटांपर्यंत रुळला आहे. मात्र चर्चा बहुतेक वेळा प्रशिक्षणाचीच होते. सोबतीचा भाग मागे पडतो, आणि खरे काम तिथेच अडते.

नाशिक जिल्ह्याचे तालुके १५. शहरात मराठा विद्या प्रसारक समाज (स्थापना १९१४), गोखले एज्युकेशन सोसायटी (१९१८) यांसारख्या जुन्या संस्थांच्या मोठ्या शाळा आहेत. मालेगावात उर्दू माध्यमाच्या शाळांचे जाळे आहे. बागलाण, देवळा, कळवण या पट्ट्यात मुले घरी अहिराणी बोलतात, तर सुरगाणा, पेठ, त्र्यंबकेश्वर या आदिवासी तालुक्यांत कोकणा, वारली, भिल्ल, महादेव कोळी मुलांच्या पाड्यावरच्या शाळा आणि आश्रमशाळा आहेत. एकच प्रशिक्षण-पुस्तिका घेऊन नाशिक शहरातल्या कॉलेज रोडवरच्या आणि सुरगाण्याच्या शिक्षकासमोर उभे राहिले, तर दोघांपैकी एकाचा दिवस वाया जाणार हे ठरलेले.

शाळेत यंत्र आणण्याचा इतिहास चाळीस वर्षांचा आहे. केंद्र शासनाच्या ‘क्लास’ या संगणक-साक्षरता प्रकल्पातून १९८४-८५ मध्ये देशातील निवडक शाळांत बीबीसी मायक्रो संगणक पोचले. त्याच सुमारास पुण्यात बालचित्रवाणी ही मुलांसाठी शैक्षणिक दूरचित्रवाणी कार्यक्रम करणारी संस्था उभी राहिली. १९८६ च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातून जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्था, म्हणजे ‘डाएट’, अस्तित्वात आल्या. सेवांतर्गत प्रशिक्षणाची जिल्ह्यातील मुख्य यंत्रणा आजही तीच आहे. नाशिकच्या वाट्याला मात्र आणखी एक मोठी गोष्ट आली. १९८९ मध्ये गंगापूर धरणाच्या परिसरात यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ स्थापन झाले. त्याचे पहिले कुलगुरू राम ताकवले दूरशिक्षण आणि संगणकाधारित शिक्षणाचे खंदे पुरस्कर्ते होते. नोकरी न सोडता बी.एड. करण्याची सोय या विद्यापीठाने दिली. शिक्षकाला शाळेतून उठवून वर्गात बसवण्याऐवजी तो जिथे शिकवतो तिथेच त्याला शिकू द्यावे, ही कल्पना त्यामुळे नाशिककरांना तशी नवी नाही. २००१ पासून एमएस-सीआयटी हा संगणक-साक्षरतेचा अभ्यासक्रम आला आणि हजारो शिक्षकांनी संगणकाचा पहिला माउस तिथे हाती धरला. त्यातून संगणक चालवता येऊ लागला, पण संगणक घेऊन शिकवायचे कसे, हा त्या अभ्यासक्रमाचा विषयच नव्हता.

हा फरक पुण्य मिश्र आणि मॅथ्यू कोहलर यांनी २००६ मध्ये मांडलेल्या ‘टीपॅक’ आराखड्यात नेमका पकडला आहे. विषयाचे ज्ञान, अध्यापनाचे ज्ञान आणि तंत्रज्ञानाचे ज्ञान ही तीन वेगवेगळी असतात. शिक्षकाला लागते ती त्यांची एकमेकांत मिसळलेली जाण. युनेस्कोची शिक्षकांसाठीची क्षमता-चौकटही (२००८, सुधारित २०११ व २०१८) ज्ञान मिळवणे, ते सखोल करणे आणि नवे निर्माण करणे अशा तीन पायऱ्या सांगते. आपल्याकडची बहुतांश प्रशिक्षणे पहिल्या पायरीवरच प्रमाणपत्र देऊन मोकळी होतात.

२२ जून २०१५ च्या ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ निर्णयानंतर जिल्हा परिषदेच्या शाळा ‘डिजिटल’ करण्याची लाट आली. शासनाने सगळा पैसा दिला नव्हता. गावकऱ्यांची वर्गणी, ग्रामपंचायत, सातपूर-अंबडसारख्या औद्योगिक वसाहतींतील कंपन्यांचा सामाजिक निधी आणि कित्येकदा शिक्षकाचा स्वतःचा खिसा यांतून टीव्ही, प्रोजेक्टर, टॅब आले. पुढे पाठ्यपुस्तकांत क्यूआर कोड छापले गेले. ५ सप्टेंबर २०१७ रोजी ‘दीक्षा’ हे डिजिटल शिक्षणसाहित्याचे राष्ट्रीय व्यासपीठ सुरू झाले. २०१९ मध्ये शिक्षकांसाठीचे ‘निष्ठा’ हे राष्ट्रीय प्रशिक्षण आले आणि करोनाकाळात ते दीक्षावर ऑनलाइन झाले. महापालिकेच्या शाळांत स्मार्ट सिटी योजनेतून डिजिटल वर्ग बसवले गेले. याच काळात विद्यार्थ्यांची नोंद, पोषण आहार, उपस्थिती हे सारे ऑनलाइन झाले. त्यामुळे अनेक शिक्षकांच्या लेखी ‘तंत्रज्ञान’ म्हणजे ‘सरल’ पोर्टलवर माहिती भरणे, तेही रात्री घरी बसून, सर्व्हर मोकळा असताना. त्यांच्या नाराजीला आळस म्हणणे अन्यायाचे आहे.

प्रशिक्षण राज्यातून जिल्ह्याला, जिल्ह्यातून तालुक्याच्या गटसाधन केंद्राला, तिथून केंद्राला, म्हणजे जवळपासच्या शाळांच्या गटाला, असे उतरत येते. दर पायरीवर त्यातले प्रात्यक्षिक गळते आणि स्लाइड तेवढ्या उरतात. याउलट सर्वांत उपयोगी पण सर्वांत दुर्लक्षित जागा म्हणजे केंद्रस्तरावरची मासिक शिक्षण परिषद. जवळपासच्या शाळांचे शिक्षक तिथे एकत्र येतात, एकमेकांच्या अडचणी ओळखतात. एखाद्या बाईंनी आपल्या मोबाइलवर केलेली पाठाची चित्रफीत दाखवली, की शेजारच्या शाळेचे गुरुजी ‘हे तर आपल्यालाही जमेल’ म्हणून उठतात. हा परिणाम सभागृहातल्या तज्ज्ञाला साधत नाही. परिषद परिपत्रके वाचण्यात संपली नाही, तर.

चांगला पाठ कसा असतो याला जिल्ह्यातच भरपूर सामग्री आहे. इगतपुरीत सह्याद्रीच्या माथ्यावर वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या पुढे पाऊस पडतो, तर येवल्यात पाचशेच्या आसपास. दोन्हीकडच्या मुलांनी प्लास्टिकच्या बाटलीचे पर्जन्यमापक करावे, जून ते सप्टेंबर रोजची नोंद एका सामाईक तक्त्यात टाकावी, आलेख काढावा आणि व्हिडिओ कॉलवर एकमेकांना विचारावे : तुमच्याकडे एवढा पाऊस, मग उन्हाळ्यात तुमच्या वाडीवर टँकर का येतो? या प्रश्नाचे उत्तर पुस्तकाच्या एका पानावर मिळत नाही. खडक, उतार, धरणांतले पाणी कुठे जाते, असे सगळे त्यात येते. निफाड तालुक्यात हेच काम लासलगावच्या बाजार समितीतील कांद्याच्या रोजच्या किमान, कमाल आणि सरासरी भावांवर होऊ शकते. सातवीच्या मुलाला सरासरी म्हणजे काय ते समजते, आणि घरी आणलेल्या विक्रीच्या पट्टीवरचा (पावतीवरचा) भाव त्या सरासरीहून कमी का, हेही तो विचारू लागतो. अशा पाठात यंत्र दहा मिनिटे लागते, बाकीचा वेळ शिक्षकाने प्रश्न नीट विचारण्याचा असतो. मदत हवी ती त्या प्रश्नांसाठी.

अडचणींत वीज पहिली. शाळेच्या किरकोळ खर्चासाठीचे सादिल अनुदान तुटपुंजे, बिल थकले की मीटर जातो आणि भिंतीवरचा टीव्ही नुसता राहतो. सौर पॅनेल बसवलेल्या शाळांत हा प्रश्न सुटतो, बॅटरी जुनी होईपर्यंत. रेंज नसलेल्या पाड्यांवर शिक्षक घरून चित्रफिती उतरवून पेनड्राइव्हवर नेतात. दोनशिक्षकी शाळेत चार इयत्ता एकत्र असतात. तिथे टॅबचा खरा उपयोग एका इयत्तेला काम देऊन दुसरीकडे वळण्यासाठी होतो, आणि प्रशिक्षणात नेमके हेच क्वचित शिकवतात. बदली हा वेगळाच घाव. हौशी शिक्षक दुसऱ्या तालुक्यात गेला की त्याने उभे केलेले सारे कपाटात जाते.

२०२० च्या टाळेबंदीत ‘शाळा बंद पण शिक्षण सुरू’ ही मोहीम निघाली, सह्याद्री वाहिनीवर ‘टिलीमिली’ मालिका आली. स्मार्टफोन नसलेल्या घरांपर्यंत मात्र यातले थोडेच पोचले. पाड्यांवर ओट्यावर बसून चार-पाच मुलांचे गट शिकवणारे शिक्षकच शेवटी कामी आले. त्र्यंबकेश्वर तालुक्यातील हिवाळीची जिल्हा परिषद शाळा बारमाही चालते आणि तिथली मुले दोन्ही हातांनी लिहितात म्हणून राज्यभर नावाजली. तिच्या कीर्तीचे मूळ महागड्या पडद्यात नाही.

२०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने प्रत्येक शिक्षकासाठी वर्षाला किमान ५० तासांचा व्यावसायिक विकास अपेक्षिला आहे. तास मोजणे सोपे असते. ऑनलाइन चित्रफीत एका बाजूला चालू ठेवून उत्तरपत्रिका तपासल्या तरी ते भरतात. वर्गात जाऊन पाठ पाहणे, दोन दिवसांनी त्यावर शिक्षकाशी बोलणे आणि महिन्याने पुन्हा जाणे हे केंद्रप्रमुख आणि गटसाधन केंद्रातील साधनव्यक्ती यांचे काम. त्यांची पदे रिक्त राहिली की एकेका केंद्रप्रमुखाकडे दोन-दोन केंद्रांचा भार येतो आणि भेट शेरेपुस्तकातल्या सहीपुरती उरते.