मेट्रो-लँड (पुस्तकं, टीव्ही आणि सिनेमातलं)

मेट्रो-लँड म्हणजे लंडनच्या वायव्येला मेट्रोपॉलिटन रेल्वेच्या रुळांलगत वाढलेली उपनगरं. वेम्ब्ली, हॅरो, पिनर, राइस्लिप, नॉर्थवूड, रिकमन्सवर्थ, चॉर्लीवूड, ॲमरशम ही त्यातली काही नावं. पण मेट्रो-लँड नावाचा जिल्हा किंवा गाव कधीच नव्हतं, १९१५ साली रेल्वे कंपनीच्या जाहिरात खात्याने हे नाव काढलं आणि ते इतकं चाललं की कंपनी संपली तरी नाव उरलं, पुढे कवितेत आलं, कादंबरीचं नाव झालं, टीव्हीवर गेलं.

आधी धंदा समजून घ्यायला हवा, नाहीतर पुस्तकांमधला राग आणि माया दोन्ही कळत नाही. मेट्रोपॉलिटन रेल्वे म्हणजे जगातली पहिली भुयारी प्रवासी रेल्वे, १० जानेवारी १८६३ ला पॅडिंग्टन ते फॅरिंग्डन सुरू झाली, वाफेच्या इंजिनावर. नंतर एडवर्ड वॉटकिन अध्यक्ष झाले आणि त्यांना ही लाईन शहरात अडकवून ठेवायची नव्हती, मँचेस्टरहून लंडनमार्गे समुद्राखालच्या बोगद्यातून थेट पॅरिस असं त्यांचं स्वप्न होतं. तो बोगदा काही त्यांच्या हातून झाला नाही. वेम्ब्लीला त्यांनी आयफेलपेक्षा उंच टॉवर बांधायला घेतला, तोही पहिल्या टप्प्यावरच थांबला आणि १९०७ मध्ये पाडून टाकला, त्याच जागेवर नंतर वेम्ब्ली स्टेडियम उभं राहिलं. लाईन मात्र पुढे सरकत राहिली, १८८० ला हॅरो, १८८५ ला पिनर, १८९२ ला एल्सबरी, आणि सगळ्यात टोकाला व्हर्नी जंक्शन, लंडनमधल्या बेकर स्ट्रीट स्टेशनपासून सुमारे ८० किलोमीटर, आजूबाजूला नुसती शेतं.

आता खरी गंमत. रूळ टाकून उरलेली जमीन रेल्वे कंपन्यांना साधारणपणे विकून टाकावी लागायची, पण मेट्रोपॉलिटनला ती ठेवायची आणि तिच्यावर घरं बांधायची खास मुभा मिळालेली होती. १९१९ मध्ये त्यासाठी वेगळी कंपनीच काढली. म्हणजे गाडी त्यांची, स्टेशन त्यांचं, स्टेशनजवळचं घर त्यांचं, आणि त्या घरात राहायला गेलेला माणूस रोज पास काढून त्यांच्याच गाडीने ऑफिसला जाणार. १९१५ पासून १९३२ पर्यंत दरवर्षी ‘मेट्रो-लँड’ नावाची पुस्तिका निघायची, त्यात बाग, टेकड्या, रानफुलं, टुमदार घरं आणि किती मिनिटांत बेकर स्ट्रीट ते छापलेलं असायचं. जॉर्ज सिम्स या त्यावेळच्या नावाजलेल्या पत्रकाराने या भागावर कविता केली, १९२० मध्ये मेट्रो-लँडमधल्या घराचं एक गाणंही निघालं. रेनर्स लेन स्टेशनचा आकडा सगळीकडे सांगतात तो असा, १९३० मध्ये वर्षाला २२ हजार प्रवासी आणि १९३७ मध्ये ४० लाख.

साहित्यात रेल्वेकाठचा नोकरदार याच्याही आधी आलेला होता. ग्रोस्मिथ बंधूंचं ‘द डायरी ऑफ अ नोबडी’ (पंच साप्ताहिकात १८८८ पासून, पुस्तक १८९२) हे लंडनच्या होलोवे भागात राहणाऱ्या पूटर नावाच्या कारकुनाची डायरी आहे. त्याच्या परसाला लागूनच रेल्वे जाते, घरमालक म्हणतो सवय होईल आणि भाड्यातून २ पौंड कमी करतो, पूटर तेवढ्यावर खूश, बागेची भिंत तडकली ते सोडून काही त्रास नाही असं तो मनापासून लिहितो. लोक या पुस्तकावर हसतात, मलाही हसू येतं, पण पूटरला ते घर किती आवडतं ते दर पानावर दिसतं आणि ते माझ्या जास्त लक्षात राहिलं. ई. एम. फॉर्स्टरच्या ‘हॉवर्ड्स एंड’मध्ये (१९१०) सूर वेगळा, तिथे शेवटी कुरणापलीकडे लंडनची घरं लाल गंजासारखी पसरत येताना दिसतात.

मग दोन महायुद्धांच्या मधल्या काळात टवाळी जोरात सुरू झाली. एव्हलिन वॉने ‘डिक्लाइन अँड फॉल’मध्ये (१९२८) एका मंत्र्याला सरदारकी देऊन त्याचं नाव ठेवलं लॉर्ड मेट्रोलँड, म्हणजे जाहिरातीतलं नाव थेट उमरावाच्या घराण्याला चिकटवलं, आणि त्याची बायको लेडी मेट्रोलँड पुढच्याही कादंबऱ्यांत येत राहिली. व्यंगचित्रकार ऑस्बर्ट लँकेस्टरने १९३८ मध्ये या घरांची चित्रं काढून त्यांच्या शैलींना टिंगलीची नावं दिली, त्यातलं ‘स्टॉकब्रोकर्स ट्यूडर’ (शेअरदलालांचं नकली जुन्या वळणाचं घर) अजून वापरात आहे. जॉर्ज ऑरवेलच्या ‘कमिंग अप फॉर एअर’चा (१९३९) नायक हप्त्यांच्या घराला कंटाळून लहानपणीच्या गावी जातो तर तिथेही घरंच घरं, अर्थात ते गाव या लाईनवरचं नाही. मला यातलं एक खटकतं ते सांगतो. लिहिणाऱ्यांपैकी बरेच जण आधीपासून बऱ्या घरांत वाढलेले होते, आणि आयुष्यात पहिल्यांदा स्वतःचं न्हाणीघर, मागे चार झाडं लावायला जागा मिळालेल्या माणसाने त्याची कादंबरी लिहिली नाही, तो सकाळची गाडी पकडायच्या घाईत होता.

हे चित्र कवी जॉन बेचमन यांनी बदललं असं म्हणायला हरकत नाही. १९५४ च्या संग्रहातल्या ‘द मेट्रोपॉलिटन रेल्वे’ कवितेत बेकर स्ट्रीटच्या बुफेत बसून ते एका जुन्या जोडप्याचा विचार करतात. तो माणूस दिवसभर ऑफिसात राइस्लिपच्या घराच्या आठवणीवर तग धरतो, जेवणाच्या सुट्टीत फॅरिंग्डनच्या एका स्टॉलवरून बागेसाठी डझनभर रोपं विकत घेतो, ती ऑक्सफर्ड स्ट्रीटच्या सेलमध्ये फिरते. शेवटी तो कॅन्सरने गेलेला, तिचं हृदय थकलेलं आणि त्यांच्या बंगल्याच्या जागी ओडियन थिएटर. ती डझनभर रोपं वाचली की मला टवाळीची सगळी पानं हलकी वाटायला लागतात.

१९७२ मध्ये ते राजकवी झाले आणि २६ फेब्रुवारी १९७३ ला बीबीसीवर त्यांची ‘मेट्रो-लँड’ ही साधारण ५० मिनिटांची फिल्म लागली, दिग्दर्शक एडवर्ड मिर्झोएफ. सुरुवातीला चालत्या गाडीतून १९१० मध्ये घेतलेली जुनी दृश्यं आहेत, मग बेचमन स्वतः लाईन धरून बाहेर बाहेर जातात, निवेदन मधूनमधून पद्यात. निसडनला पक्षी बघणारा भेटतो, चॉर्लीवूडला एकाने घरात सिनेमा थिएटरचा अजस्र ऑर्गन बसवलाय, मूर पार्कला ते गोल्फचा फटका मारायला जातात आणि चेंडू जागचा हलत नाही तर मनसोक्त हसतात. ते कुणाला हिणवत नाहीत, पण सगळं गोडही करत नाहीत, वेम्ब्लीच्या जुन्या प्रदर्शनाच्या हॉलमध्ये उभे राहतात तेव्हा आवाजात खंत ऐकू येते. शेवट व्हर्नी जंक्शनला, जिथली या लाईनची प्रवासी गाडी १९३६ मध्येच बंद झाली होती, तिथे घरं कधी पोचलीच नाहीत, आणि गवत जिंकलं याचं त्यांना बरंच वाटतं. ही फिल्म आधी बघावी, पुस्तकं नंतर वाचली तरी चालतील, असं माझं मत.

ज्युलियन बार्न्सची पहिली कादंबरी ‘मेट्रोलँड’ (१९८०) या भागात वाढलेल्या मुलाची आहे, आणि बार्न्स स्वतः नॉर्थवूडला वाढले. क्रिस्टोफर आणि त्याचा मित्र टोनी यांना उपनगर म्हणजे कंटाळ्याचं आगर वाटतं, फ्रेंच कविता वाचून सगळ्यांना तुच्छ समजायचं वय. १९६८ मध्ये क्रिस्टोफर पॅरिसला जातो आणि शेवटच्या भागात, १९७७ मध्ये, लग्न, मूल, नोकरी, कर्जाचं घर, सगळं त्याच मेट्रोलँडमध्ये. मला सगळ्यात आवडलेला प्रसंग मात्र गाडीतला आहे, एक म्हातारा सहप्रवासी शाळकरी क्रिस्टोफरला या लाईनची जुनी स्वप्नं सांगतो, वॉटकिन, व्हर्नी जंक्शन, आणि मुलाला पहिल्यांदा कळतं की रोजच्या या कंटाळवाण्या रुळांमागे कुणाचं तरी एवढं मोठं वेड होतं. १९९७ मध्ये यावर सिनेमा आला, दिग्दर्शक फिलिप सॅव्हिल, कलाकार क्रिस्चन बेल आणि एमिली वॉटसन, संगीत मार्क नॉप्फलर.

टीव्ही मालिकांमध्ये लंडनची उपनगरं १९७० च्या दशकात खूप आली. ‘द फॉल अँड राइज ऑफ रेजिनाल्ड पेरिन’मध्ये (१९७६–७९) नायकाची गाडी रोज ११ मिनिटं लेट होते आणि तो ऑफिसात दरवेळी नवीन कारण सांगतो, पण ती लाईन वॉटर्लू स्टेशनची, म्हणजे दक्षिणेकडची. ‘द गुड लाइफ’सुद्धा (१९७५–७८) दक्षिणेतल्या सर्बिटनला घडते, नोकरी सोडून अंगणात भाज्या पिकवणारं, डुकरं पाळणारं जोडपं आणि शेजारचं हबकलेलं प्रतिष्ठित जोडपं. बाहेरची दृश्यं मात्र सर्बिटनची नाहीतच, ती घरं शूट केली नॉर्थवूडला, मेट्रोपॉलिटन लाईनवर.