माया, दरारा आणि आदर

निवडणूक जवळ आली की कोल्हापुरात बिंदू चौकापासून रंकाळ्यापर्यंत लागणाऱ्या फलकांवर ‘लाडका नेता’, ‘आपला माणूस’ असे शब्द ठळक अक्षरांत दिसतात. या शब्दांतून लोकांकडे माया मागितलेली असते. नेत्याने लोकांची माया मिळवावी की आदर, हा प्रश्न आपण ज्याच्या त्याच्या आवडीवर सोडून देतो. पण मानसशास्त्रज्ञांनी आणि मानववंशशास्त्रज्ञांनी त्याचा बारकाईने अभ्यास केला आहे आणि त्यांचे निष्कर्ष मतदार म्हणून आपल्या कामाचे आहेत.

प्रथम आदर आणि दरारा यांची गल्लत दूर केली पाहिजे. जोसेफ हेन्रिक आणि फ्रान्सिस्को गिल-व्हाइट यांनी २००१ मध्ये असे मांडले की, माणसात मोठेपण मिळवण्याच्या दोन वाटा आहेत. बळाच्या धाकाने मिळणारे वर्चस्व इतर प्राण्यांतही आढळते. दुसरी वाट मात्र माणसाच्या शिकून घेण्याच्या क्षमतेतून निर्माण झाली: ज्याच्याजवळ कौशल्य आहे त्याच्याजवळ राहता यावे, त्याचे पाहून शिकता यावे, म्हणून लोक त्याला आपणहून मान देतात. गंगावेशीतल्या तालमीत हे आजही डोळ्यांनी पाहता येते. वस्तादाचे वय झाले, दंडातले बळ ओसरले, तरी विशीतला पैलवान त्याच्या पाया पडूनच लाल मातीत उतरतो, कारण डावाची खुबी त्याच्याकडून घ्यायची असते. जोई चेंग आणि सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात, एकमेकांना न ओळखणाऱ्या विद्यार्थ्यांच्या छोट्या गटांना चंद्रावर अडकल्यास कोणते सामान अधिक मोलाचे ठरेल हे मिळून ठरवायचे होते. धाक दाखवणारे आणि कौशल्याने मान मिळवणारे अशा दोघांचाही गटाच्या निर्णयावर प्रभाव पडला; परंतु मनापासून आवडले ते दुसऱ्या प्रकारचे. दराऱ्याने काम होते, हे त्यामुळे नाकारता येत नाही. त्याला आदर म्हणणे मात्र चुकीचे आहे.

मग मायेचे काय? सुसान फिस्क आणि सहकाऱ्यांनी २००२ मध्ये दाखवून दिले की, आपण समोरच्याला मुख्यतः दोन मापांनी मोजतो: त्याचा हेतू चांगला आहे का आणि तो हेतू तडीस नेण्याची कुवत त्याच्यात आहे का. यातला हेतूचा अंदाज बहुधा आधी बांधला जातो. कुवत दिसते पण आपुलकी दिसत नाही, अशा माणसाचा हेवा वाटतो. आपुलकी आहे पण कुवत नाही, त्याची दया येते. दोन्ही एकत्र दिसली तरच कौतुक आणि आदर वाटतो. म्हणून लोकांपासून फटकून राहणाऱ्या हुशार नेत्याला केवळ हुशारीवर आदर मिळत नाही.

तरीही माया हेच उद्दिष्ट ठेवण्यात मला मोठा धोका दिसतो. जेफ्री कोहेन यांच्या २००३ मधील प्रयोगांत अमेरिकी विद्यार्थ्यांपुढे सरकारी मदतीच्या योजना ठेवल्या होत्या. योजनेचा तपशील उदार असो वा कठोर, आपल्या पक्षाचा पाठिंबा आहे असे सांगितले की विद्यार्थी तिच्या बाजूने झुकत आणि आपण तपशील पाहूनच मत बनवले असे प्रामाणिकपणे सांगत. जिव्हाळा जडला की आपली पारख बाजूला पडते आणि ती पडल्याचे आपल्याला जाणवतही नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत दिलेला इशारा नेमका याविषयी होता: धर्मातील भक्ती आत्म्याच्या मुक्तीचा मार्ग असू शकेल, पण राजकारणातील भक्ती अधोगतीकडे आणि अखेर हुकूमशाहीकडे नेते.

आदर कशाने मिळतो, याचे मला सर्वांत पटलेले उत्तर टॉम टायलर यांचे आहे. त्यांनी शिकागोतील १५७५ नागरिकांच्या मुलाखतींवर आधारलेले संशोधन १९९० मध्ये मांडले. निकाल आपल्या बाजूने लागला का, यापेक्षा आपले म्हणणे ऐकून घेतले गेले का, सर्वांना एकच नियम लावला गेला का आणि आपल्याशी माणूस म्हणून वागले गेले का, यांवर अधिकाऱ्यांविषयीची मान्यता अधिक अवलंबून होती. पंचगंगेच्या पुरानंतर एका गावच्या शाळेत मी हे जवळून पाहिले आहे. नुकसानीच्या पंचनाम्यांची यादी तलाठी व्हरांड्यात उभे राहून, प्रत्येक नावापुढचे कारण सांगत, मोठ्याने वाचत होते. भिंत भिजली पण पडली नाही म्हणून एका आजींचे नाव वगळले होते. त्यांनी वाद घातला, तलाठ्यांनी तो पूर्ण ऐकून घेतला आणि घर पुन्हा पाहायला येण्याची वेळ दिली. जाताना आजी शेजारणीला म्हणाल्या, “मिळंल न मिळंल, पर माणूस सरळ हाय.”

राजर्षी शाहू महाराजांकडे मी याच दृष्टीने पाहतो. १९०२ मध्ये कोल्हापूर संस्थानाच्या नोकऱ्यांतील ५० टक्के जागा मागासलेल्या वर्गांसाठी राखून ठेवणारा हा राजा, अस्पृश्य मानल्या गेलेल्या गंगाराम कांबळे यांच्या हॉटेलसमोर गाडी थांबवून सर्वांदेखत चहा घेत असे. मार्च १९२० मध्ये माणगाव येथे भरलेल्या अस्पृश्यांच्या परिषदेत जमलेल्या लोकांना महाराजांनी सांगितले की, तुम्ही तुमचा पुढारी शोधून काढला आहे. तो पुढारी, म्हणजे अवघ्या २८ वर्षांचे डॉ. आंबेडकर, त्याच परिषदेच्या अध्यक्षपदी होते.